शॉक अ‍ॅब्सॉर्बरची निवड : उष्णतेचा हिशेब

मित्रहो, वाळवंटी शर्यतीसाठी गाडी बांधणारी मंडळी एकत्र आली की शॉक अ‍ॅब्सॉर्बरविषयीचा पहिला प्रश्न बहुधा त्याच्या लांबीचा असतो आणि दुसरा तो कडक असावा की मऊ याचा. त्यात तेल किती मावते आणि शर्यतीच्या तिसऱ्या तासाला ते किती तापलेले असेल, हा प्रश्न क्वचितच निघतो. माझ्या मते निवडीची सुरुवात नेमकी तिथूनच व्हायला हवी.

शॉक अ‍ॅब्सॉर्बर हे नाव थोडे फसवे आहे. गाडीचे वजन स्प्रिंग तोलून धरते आणि धक्काही आधी तीच झेलते. पण झेललेली ऊर्जा स्प्रिंग स्वतःपाशी ठेवत नाही, उसळी मारून परत देते, आणि ही उसळी आवरली नाही तर चाक जमिनीवर टिकत नाही. ती आवरण्याचे काम शॉकचे. त्याच्या नळीत पिस्टन तेलातून सरकतो, तेल पिस्टनच्या छिद्रांतून आणि त्या छिद्रांवर बसवलेल्या पातळ पोलादी चकत्यांना वाकवत पलीकडे जाते, आणि या झटापटीत हालचालीची ऊर्जा उष्णतेत बदलते. एवढे लक्षात घेतले की शॉक निवडणे म्हणजे ही उष्णता कुठे साठणार आणि कुठून बाहेर पडणार हे ठरवणे होय, हे आपोआप पटते.

थोडे आकडे मांडून पाहू. २,००० किलो वजनाची गाडी १ मीटर उंचीवरून खाली आली तर सुमारे २० किलोज्यूल ऊर्जा पचवावी लागते. ती चार चाकांत सारखी वाटली गेली तर प्रत्येक शॉकच्या वाट्याला ५ किलोज्यूल येतात आणि त्याने १ लिटर तेल जेमतेम ३ अंश सेल्सिअसने तापते. म्हणजे छायाचित्रांत इतकी भीषण दिसणारी उडी गाडीच्या मजबुतीची परीक्षा घेते, शॉकच्या तापमानाची नव्हे. शॉकला खरा जाच होतो तो शर्यतवाले ज्यांना वूप्स म्हणतात त्या, एकामागून एक लाटांसारख्या येणाऱ्या उंचवट्यांच्या रांगांमध्ये. समजा उंचवटे ६ मीटरच्या अंतराने आहेत आणि गाडी ताशी ९० किलोमीटर वेगाने जात आहे, तर प्रत्येक चाकाखालून सेकंदाला चार उंचवटे जातात. प्रत्येक उंचवट्याला शॉकने केवळ ५०० ज्यूल पचवले असे धरले तरी ती २ किलोवॉट उष्णता झाली, म्हणजे पाणी तापवणारा एक गीझर शॉकच्या पोटात सतत चालू असल्यासारखे आहे. तेल आणि धातू मिळून १० किलोच्या आसपास वस्तुमान धरले आणि वाऱ्याने होणारी थंडाई क्षणभर बाजूला ठेवली, तर साधारण ५-६ मिनिटांतच तापमान १०० अंशांनी चढते. वाळवंटात हवाच ४० अंशांच्या घरात असते, हेही विसरून चालणार नाही.

तापल्यावर काय काय बिघडते? तेल पातळ होते आणि त्याच छिद्रांतून अधिक सहज वाहू लागते, त्यामुळे सकाळी नीट वाटणारी गाडी दुपारी डोलू लागते. तेल अडवून धरणारी रबरी सील कडक होतात आणि गळू लागतात. साध्या दुहेरी नळीच्या शॉकमध्ये तेल आणि वायू यांच्यामध्ये पडदा नसतो, म्हणून जोराच्या हालचालीत तेल फेसाळते आणि फेसाला आवरण्याची ताकद उरत नाही. शर्यतीच्या गाडीत एकेरी नळीचा आणि वेगळी टाकी असलेला शॉक घेतात तो यासाठी. त्या टाकीत एक तरंगता पिस्टन तेलाला नायट्रोजनपासून अलग ठेवतो आणि नायट्रोजनचा दाब तेलात पोकळ्या निर्माण होऊ देत नाही. टाकीची गरज आणखी एका साध्या कारणाने आहे. पिस्टनचा २२ मिलिमीटर जाडीचा दांडा ३०० मिलिमीटर आत शिरला की सुमारे ११४ घनसेंटिमीटर तेलाला दुसरीकडे जागा करून द्यावी लागते, आणि ती जागा नायट्रोजन दबल्यावर मिळते. हाच नायट्रोजन २७ अंशांवरून १२७ अंशांपर्यंत तापला तर त्याचा दाब एक तृतीयांशाने वाढतो. तेल फुगून वायूची जागा खाते ते निराळेच, म्हणून थंड असताना भरलेला दाब हा शर्यतीतला दाब समजू नये.

आता आकाराकडे येतो. अडीच इंची नळीऐवजी तीन इंची नळी घेतली तर आतले क्षेत्रफळ ४४ टक्क्यांनी वाढते, आणि लांबी तीच असेल तर तेलही जवळपास त्याच प्रमाणात वाढते. बाहेरचा पृष्ठभाग मात्र केवळ २० टक्क्यांनी वाढतो. मोठा शॉक उष्णता साठवण्यात जितका उदार असतो तितका ती बाहेर टाकण्यात नसतो, आणि हा फरक निवडताना मनात पक्का असावा. छोट्या शर्यतीत साठवणूक पुरते, लांब शर्यतीत विसर्जन महत्त्वाचे ठरते. मोठ्या नळीचा दुसरा फायदा असा की तेवढाच जोर निर्माण करायला आतला दाब कमी लागतो, त्यामुळे चकत्यांवर ताण कमी पडतो आणि पोकळ्यांचा धोकाही घटतो. एका चाकाला दोन शॉक लावले तर साठवणूक आणि पृष्ठभाग दोन्ही दुप्पट होतात. १९६७ मध्ये मेक्सिकोतल्या बाहा कॅलिफोर्नियात पहिली मोठी संघटित शर्यत झाली, ती मेयर्स मँक्स या फोक्सवॅगनच्या सांगाड्यावर बांधलेल्या बग्गीने २७ तास ३८ मिनिटांत जिंकली. त्या काळातल्या वाळवंटी गाड्यांना एकेका चाकाला दोन किंवा त्याहून अधिक साधे शॉक लावलेले दिसत, ते अडाणीपणाचे लक्षण नव्हते. एका शॉकला न पेलणारी उष्णता त्यांनी वाटून दिली होती. आजच्या ट्रॉफी ट्रकमध्ये, म्हणजे वाळवंटी शर्यतीसाठीच बांधलेल्या ताकदवान ट्रकमध्ये, प्रत्येक चाकाला स्प्रिंगचा वेढा असलेला एक आणि बायपास नळ्यांचा एक असे दोन शॉक दिसतात, त्यामागचे एक कारणही हेच आहे.

बायपासविषयी थोडे सविस्तर बोलतो, कारण वाळवंटी शर्यतीला खास असा कोणता शोध असेल तर तो हा. साध्या शॉकचा विरोध केवळ पिस्टनच्या वेगावर अवलंबून असतो. चाक मधल्या पट्ट्यात हलते आहे की टोकाला पोहोचते आहे, हे त्याला कळत नाही. बायपास शॉकच्या नळीला बाहेरून आडवाटा जोडलेल्या असतात. पिस्टन मधल्या भागात असताना तेल या आडवाटांनी निसटते आणि शॉक मऊ वागतो; पिस्टन आडवाटेच्या तोंडापलीकडे गेला की ती आडवाट बंद पडते आणि सारे तेल चकत्यांमधूनच ढकलावे लागते. प्रत्येक आडवाटेवर एकाच दिशेने उघडणारी झडप आणि बाहेरून फिरवायचा स्क्रू असतो. लहान खड्ड्यांत गाडी नरम राहते आणि मोठ्या आदळीत शेवटच्या काही इंचांत ती आवरली जाते, ते यामुळे. पण बायपास हा चुकीच्या स्प्रिंगवरचा इलाज नाही.

शॉकची जागा ठरवताना आपण नेहमी एक गफलत करतो. शॉक आर्मवर, म्हणजे चाकाला गाडीशी जोडणाऱ्या दांडीवर, चाकापासून आत बसवला आणि त्याची चाल (सरकण्याचे अंतर) चाकाच्या ०.६ पट झाली, तर चाकाला जाणवणारा त्याचा विरोध ०.६ च्या वर्गाने, म्हणजे ०.३६ पट होतो, आणि तो भरून काढायला आत जवळजवळ तिप्पट कडक चकत्या लागतात. उष्णता मात्र एका अंशानेही कमी होत नाही, कारण चाकाने आणलेली ऊर्जा तीच असते. ती आता आखूड चालीत आणि अधिक दाबाखाली पचवावी लागते. म्हणून जागा मिळत असेल तर शॉक चाकाच्या जवळ आणि लांब चालीचा घ्यावा, असे माझे मत आहे.

चालीवर नियमांचे बंधन असते, तेही आधी वाचावे. डकार या अनेक दिवस चालणाऱ्या वाळवंटी रॅलीच्या वरच्या टी१ प्लस या गाड्यांच्या वर्गात चाकाची चाल ३५० मिलिमीटरपर्यंतच चालते, तर ट्रॉफी ट्रकच्या मागच्या चाकाला याच्या दुपटीहून अधिक चाल मिळते. डकारमध्ये बहुतेक दिवशी मुक्काम आणि दुरुस्ती असते, बाहाची शर्यत मध्ये न थांबता चालते, म्हणून एका ठिकाणी मुक्कामात सील बदलून निभावते आणि दुसऱ्या ठिकाणी तोच शॉक शेवटपर्यंत तगवावा लागतो. दांड्यावर खडे लागून ओरखडा पडला की तो ओरखडाच सील कापतो, तेव्हा दांड्याला आडोसा लावायला विसरू नये.

जुळवणी नेहमी स्प्रिंगपासून सुरू करावी. गाडी उभी असताना चाकाच्या एकूण चालीपैकी साधारण एक तृतीयांश भाग खाली लोंबण्यासाठी आणि उरलेला वर दबण्यासाठी राहील, अशी स्प्रिंग आणि उंची आधी पक्की करावी, मग उसळीचा विरोध, आणि शेवटी दबण्याचा. उसळीचा विरोध जास्त ठेवला तर चाक पुढच्या उंचवट्याआधी पुरते खाली येत नाही, गाडी प्रत्येक उंचवट्याला थोडी अधिक बसत जाते आणि शेवटी बंप स्टॉपवर, म्हणजे चाल संपते तिथल्या अडसरावर, आदळू लागते. चालकाला मात्र वाटते की शॉक मऊ आहे, आणि तो दबण्याचा विरोध वाढवायला सांगतो. मी पाहिलेल्या चुकांपैकी सर्वांत जास्त वेळा घडणारी चूक ही आहे. एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि दांड्यावर एक रबरी कडे सरकवून ठेवावे, म्हणजे चाल प्रत्यक्षात किती वापरली गेली ते फेरीनंतर कळते.

फेरी संपताच चारही शॉकच्या नळ्यांचे तापमान इन्फ्रारेड थर्मामीटरने मोजावे. पुढची दोन्ही आणि मागची दोन्ही आपापसांत सारखी असली पाहिजेत. एखादा शॉक आपल्या जोडीदारापेक्षा खूपच थंड असेल तर त्याच्यावर खूश होऊ नका. त्याचा वायू गेलेला असतो किंवा चकत्या तुटलेल्या असतात आणि त्याने काम करणे सोडून दिलेले असते, म्हणून पुढच्या फेरीआधी सर्वांत आधी तोच उतरवून उघडायचा.