पाण्याखालचे दिवे

श्रोतेहो, नमस्कार. गेल्या महिन्यात माझ्या उजव्या डोळ्याच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. सकाळी आठला दवाखान्यात गेले आणि दुपारी दीडला घरी वरणभात जेवत होते. डॉक्टरांचा हात निष्णात होता, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण आत काय दिसेल, काय ऐकू येईल, हे मला आधी कुणीच सांगितलं नव्हतं. तेच आज तुम्हाला सांगायचं आहे.

माझी भीती आईपासूनची. १९७४ साली तिचं ऑपरेशन झालं, तेव्हा डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावून तिला दिवसचे दिवस निजवून ठेवलं होतं. खोकायचीसुद्धा बंदी. पुढे जन्मभर सोडावॉटरच्या बाटलीच्या बुडासारखा चष्मा, कारण मोतीबिंदूनं गढूळ झालेलं डोळ्यातलं भिंग काढलं, पण त्याच्या जागी काहीच बसवलं नव्हतं. खरं तर लंडनमध्ये डोळ्यांचे डॉक्टर हॅरोल्ड रिडली यांनी १९४९ सालीच कृत्रिम भिंग बसवलं होतं. दुसऱ्या महायुद्धात वैमानिकांच्या डोळ्यांत विमानाच्या प्लास्टिकच्या काचेचे कण रुतले होते आणि डोळ्यांनी ते सोसले होते, हे त्यांनी पाहिलं होतं, म्हणून भिंगही तसल्याच प्लास्टिकचं केलं. माझ्या आईपर्यंत ते भिंग पोचलं नाही.

बाकावर आम्ही पाच जण, हिरवे गाऊन घालून. बांगड्या, मंगळसूत्र काढून सुनेकडे दिलेलं. सिस्टर दर थोड्या वेळानं डोळ्यात थेंब टाकत होत्या. बाहुली मोठी होत गेली आणि समोरची भिंत पुसट झाली. शेजारच्या आजी दुसऱ्या डोळ्यासाठी आल्या होत्या. मी हळूच विचारलं, "सुरी दिसते का हो?"

त्यांनी माझा हात धरला. "नाही गं बाई, सुरी कुठली! दिवे दिसतात. विहिरीत बुडी मारून वर बघितल्यावाणी."

अगदी तसंच झालं. तोंडावर कापड, डोळ्यापुरतं भोक. इंजेक्शन नाही, थेंबांनीच डोळा बधिर केला. पापण्या चिमट्यानं उघड्या धरल्या होत्या, म्हणून मिटतील की काय ही काळजी नव्हती. दिवे विरघळून गुलाबी, निळे झाले. गार पाणी वाहिल्यासारखं वाटलं. यंत्राचा आवाज चढायचा, उतरायचा. ध्वनिलहरींनी जुनं भिंग फोडून ओढून घेतात, त्याचा तो आवाज. हे माहीत नसतं तर मी दचकले असते. चीर तीन मिलिमीटरपेक्षा लहान, टाका एकही नाही. खोकला येतोय असं वाटलं तर हलू नका, आधी बोला.

अजूनही घरोघरी म्हणतात, "मोतीबिंदू पिकू द्या." ऐकू नका. पिकून कडक झालेलं भिंग फोडायला जास्त अवघड जातं.

दुसऱ्या दिवशी पट्टी काढली. घरी येऊन पातेल्यातलं दूध पाहिलं. डावा डोळा झाकला की दूध पांढरंशुभ्र, उजवा झाकला की गाईच्या दुधासारखं पिवळसर. इतकी वर्षं मी पिवळंच पाहत होते! सून हसत होती, मी पुन्हा पुन्हा डोळे झाकत होते.

पुढच्या महिन्यात डावा डोळा. बाकावर शेजारी कुणी नवीन बसलेलं असेल, तर त्यांचा हात मी धरणार आहे.