तेरा किलोमीटरची वाट

(सिएटल परिसरातल्या मराठी मंडळात दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)

नमस्कार मंडळी.

१९९९ च्या ऑगस्टमध्ये मी स्पोकेनहून बसने वॉशिंग्टन राज्यातल्या पुलमन ह्या गावी पोचले. मृदाशास्त्रात एम.एस. करायचं होतं. बसमध्ये शेजारी एक आजी होत्या. त्यांनी सांगितलं, ह्या सगळ्या भागाला पलूस म्हणतात. मी चमकलेच, कारण माझं आजोळ सांगलीकडचं, पलूसपासून फार लांब नाही. खिडकीबाहेर गव्हाच्या टेकड्याच टेकड्या होत्या, आणि मधूनच वाळलेली बुटकी झुडपं. ती कसली, असं विचारलं तर म्हणाल्या, मसूर. अमेरिकेत येऊन चार दिवस झाले होते, आणि आईची मसुराची आमटी आठवून मला तिथेच रडू आलं.

त्या आजींच्या गळ्यात किरमिजी मफलर होता, ऐन ऑगस्टमध्ये. पुलमनच्या वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठाचा रंग तो. दीडेक वर्षापूर्वी, १९९८ च्या १ जानेवारीला, त्यांचा फुटबॉल संघ (म्हणजे अमेरिकी फुटबॉल, सॉकर नव्हे) रोझ बोल ह्या नववर्षाच्या मानाच्या सामन्यात खेळून आला होता. त्याआधी तिथे खेळला होता तो १९३१ मध्ये. सदुसष्ट वर्षं वाट पाहिलेलं ते गाव होतं. पुढे मला कळलं की त्या गावात फुटबॉल ही करमणूक नव्हे. गव्हाची मळणी आणि फुटबॉलचा हंगाम हीच तिथली दोन पंचांगं.

तुमच्यापैकी अनेकांची मुलं इथल्या विद्यापीठांत शिकतात. कॉन्फरन्स बदलण्याच्या बातम्या तुम्ही वाचता आणि "खेळाडूंचं काहीतरी राजकारण असेल" म्हणून पान उलटता. ते पान उलटू नका, एवढ्यासाठीच मी आज उभी आहे.

कॉन्फरन्स म्हणजे काय? आपल्याकडे रणजी सामने विभागवार व्हायचे ते आठवा. पश्चिम विभागात मुंबई, महाराष्ट्र, बडोदा, गुजरात, सौराष्ट्र. जवळचे संघ आधी आपापसांत भिडायचे. कॉन्फरन्सचा पायाही तोच होता, शेजार. १९१५ च्या डिसेंबरात पोर्टलंडमध्ये चार विद्यापीठं एकत्र आली: बर्कलीचं कॅलिफोर्निया विद्यापीठ, सिएटलचं वॉशिंग्टन, ओरेगन, आणि आजचं ओरेगन स्टेट. वॉशिंग्टन स्टेट १९१७ मध्ये आलं, स्टॅनफर्ड १९१८ मध्ये. पुढे लॉस एंजेलिसची यूएससी आणि यूसीएलए आली. प्रवास आगगाडीचा, पोरं डब्यात अभ्यास करत जायची. हीच संघटना नावं बदलत बदलत २०११ मध्ये पॅक-१२ झाली. देशातली सगळ्यात जास्त राष्ट्रीय विजेतेपदं तिच्याकडे होती, पाचशेच्या वर. त्यातली बरीचशी पोहणं, टेनिस, व्हॉलीबॉल, धावणं यांतली.

आता शेजाऱ्याची गोष्ट सांगते. पुलमनहून पूर्वेला तेरा किलोमीटर गेलं की राज्याची हद्द ओलांडून मॉस्को नावाचं गाव लागतं. तिथे आयडाहो विद्यापीठ. जुन्या रेल्वेमार्गावर आता पायवाट केली आहे. रविवारी मी सायकलने त्या वाटेने मॉस्कोला जात असे, तिथल्या वाचनालयात बसत असे. हे आयडाहोही १९२२ पासून त्याच कॉन्फरन्समध्ये होतं. दोन्ही गावांचा दरवर्षी फुटबॉलचा सामना व्हायचा आणि १९३८ पासून एक रीत पडली होती. ज्या विद्यापीठाचा संघ हरेल, तिथल्या विद्यार्थ्यांनी जिंकणाऱ्यांच्या गावापर्यंत पायी जायचं. १९५४ मध्ये आयडाहोने एकोणतीस वर्षांनी पुलमनला हरवलं आणि पुलमनचे सुमारे दोन हजार विद्यार्थी चालत मॉस्कोला गेले. देशभर त्याची बातमी झाली.

मग १९५९ मध्ये खेळाडूंना गुपचूप पैसे देण्याच्या प्रकरणांवरून ती संघटना मोडली. बर्कली, स्टॅनफर्ड, वॉशिंग्टन आणि लॉस एंजेलिसची दोन, अशा पाच मोठ्यांनी नवी मांडली आणि बाकीच्यांना बाहेर ठेवलं. वॉशिंग्टन स्टेटला १९६२ मध्ये परत घेतलं, दोन्ही ओरेगनना १९६४ मध्ये. आयडाहोला कधीच घेतलं नाही. त्यानंतर ते विद्यापीठ ह्या गटातून त्या गटात फिरत राहिलं, आणि २०१८ मध्ये त्यांच्या फुटबॉल संघाने स्वतःहून खालचा विभाग पत्करला. असं करणारं ते पहिलंच. एका बैठकीत आपलं नाव राहिलं तर पुढच्या साठ वर्षांत काय होतं, हे पुलमनला सायकलवरून जाऊन पाहता येत होतं. २०२३ च्या उन्हाळ्यात कॉन्फरन्स फुटू लागली तेव्हा पुलमनची माणसं इतकी का घाबरली, ते मला ह्या वाटेमुळे कळलं.

आता पैशाकडे येते. १९८४ पर्यंत महाविद्यालयीन फुटबॉलचे कोणते सामने दूरचित्रवाणीवर दिसणार आणि किती वेळा, हे एनसीएए ही मध्यवर्ती संस्था ठरवायची. ओक्लाहोमा आणि जॉर्जिया ह्या विद्यापीठांनी त्याविरुद्ध दावा लावला. सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन अशा बहुमताने ती मक्तेदारी मोडली. विरोधात मत देणाऱ्या दोघांत एक होते न्यायमूर्ती बायरन व्हाइट. ते स्वतः तरुणपणी नावाजलेले फुटबॉलपटू होते. खेळ नुसत्या बाजाराच्या हाती गेला तर काय होईल, ही त्यांची काळजी होती. त्यांचं मत हरलं, पण काळजी खरी ठरली असं मला मनापासून वाटतं.

त्या निकालानंतर प्रक्षेपणाचे हक्क कॉन्फरन्स विकू लागल्या. सगळ्यांचे सामने एकगठ्ठा विकायचे आणि आलेली रक्कम सदस्यांत वाटायची. इथे कॉन्फरन्सचा अर्थच बदलला. तुमच्या गावाहून आमच्या गावाला यायला किती तास लागतात, हा प्रश्न मागे पडला. तुमच्या शहरात टीव्ही असलेली घरं किती, हा पुढे आला. बिग टेन ही मुळात शिकागोच्या आसपासच्या विद्यापीठांची संघटना. २००७ मध्ये तिने स्वतःची वाहिनी काढली. २०१४ मध्ये तिने न्यू जर्सीचं रटगर्स आणि मेरीलँड घेतलं. रटगर्सबरोबर न्यूयॉर्कच्या परिसरातली केबलची घरं आली, मेरीलँडबरोबर वॉशिंग्टन डीसीची. त्याआधी टेक्ससमध्ये साउथवेस्ट कॉन्फरन्स १९९६ मध्ये बुडाली होती. चार विद्यापीठं नव्या बिग ट्वेल्व्हमध्ये गेली, चार रस्त्यावर आली. त्यांतल्या एसएमयूला पुन्हा वरच्या पंगतीत बसायला २०२४ उजाडलं. तेही कसं, तर नऊ वर्षं कॉन्फरन्सच्या प्रक्षेपणाचा वाटा घेणार नाही असं कबूल करून.

पॅक-१२ मध्ये २०११ नंतर समान वाटणी ठरली. पुलमनला जितके, तितकेच लॉस एंजेलिसला. मला ती न्यायाची वाटते. पण लॉस एंजेलिस ही देशातली दुसऱ्या क्रमांकाची टीव्हीची बाजारपेठ आहे, आणि तिथल्यांना ही वाटणी बोचत होती. त्यात कॉन्फरन्सने २०१२ मध्ये काढलेली वाहिनी देशातल्या एका मोठ्या उपग्रह सेवेवर कधीच आली नाही. घराघरांत आपलेच सामने दिसेनात. दोष सगळा बाहेरच्यांचा नव्हता, हेही सांगायला हवं.

३० जून २०२२ ला यूएससी आणि यूसीएलएने बिग टेनला जात असल्याचं जाहीर केलं. ऑगस्टमध्ये बिग टेनने फॉक्स, सीबीएस आणि एनबीसीशी सात वर्षांचा, सात अब्ज डॉलरच्या वरचा करार केला. पॅक-१२ वर्षभर नव्या कराराच्या शोधात होती. शेवटी हाती राहिला तो ॲपलच्या इंटरनेट सेवेचा प्रस्ताव, ज्यात वर्गणीदार किती मिळतात त्यावर पुढची कमाई ठरणार होती. २७ जुलै २०२३ ला कोलोरॅडोने बिग ट्वेल्व्हला होकार दिला. ४ ऑगस्टला एकाच दिवशी पाच गेले: वॉशिंग्टन आणि ओरेगन बिग टेनला, ॲरिझोनाची दोन आणि युटा बिग ट्वेल्व्हला. १ सप्टेंबरला बर्कली आणि स्टॅनफर्ड अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्समध्ये गेली. पॅसिफिकच्या काठावरची विद्यापीठं, अटलांटिकच्या नावाच्या संघटनेत! बारातली दहा गेली. उरली वॉशिंग्टन स्टेट आणि ओरेगन स्टेट.

ही दोघं मैदानावर कमी पडली म्हणून राहिली नाहीत. ओरेगन स्टेटने २०२२ मध्ये दहा सामने जिंकले होते. २३ सप्टेंबर २०२३ ला ही दोन विद्यापीठं पुलमनमध्ये एकमेकांशी खेळली तेव्हा दोन्ही संघ देशातल्या पहिल्या पंचविसांत होते. पुलमन ३८–३५ असं जिंकलं. मी तो सामना घरी पाहिला. प्रेक्षकांत कोणी रडत होतं, कोणी एकमेकांच्या रंगाचे शर्ट घातले होते. विरोधी संघाच्या लोकांना इतक्या प्रेमाने टाळ्या वाजवताना मी कधी पाहिलं नव्हतं.

दोघांनी कोर्टात धाव घेतली. खटला चालला कोलफॅक्स नावाच्या, आपल्याकडच्या तालुक्याच्या ठिकाणासारख्या गावात, व्हिटमन काउंटीच्या न्यायालयात. प्रश्न असा होता की जे सोडून चालले आहेत त्यांना संघटनेच्या तिजोरीवर मत देता येईल का. नोव्हेंबरमध्ये न्यायाधीशांनी कारभार उरलेल्या दोघांच्या हाती दिला, आणि डिसेंबरमध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यात हात घालायचं नाकारलं. त्यामुळे तिजोरी वाचली, नाव वाचलं. दोन हंगाम दोघांच्याच कॉन्फरन्सने काढले. २०२६ साठी बॉइझी स्टेट, सॅन डिएगो स्टेट, फ्रेझ्नो स्टेट, कोलोरॅडो स्टेट, युटा स्टेट, टेक्सस स्टेट आणि फुटबॉल सोडून बाकी खेळांसाठी गोंझागा, अशी नवी मांडणी झाली.

पण आत काय तुटलं? १ जुलै २०२५ पासून विद्यापीठं खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात, पहिल्या वर्षी साधारण दोन कोटी पाच लाख डॉलरपर्यंत. मोठ्या कॉन्फरन्सना ते झेपतं. ज्यांची प्रक्षेपणाची कमाई आटली, त्यांनी कुठून आणायचं? त्याच सुमारास, जून २०२५ मध्ये, वॉशिंग्टन स्टेटने आपल्या ॲथलेटिक्समधले फेकीचे आणि उड्यांचे प्रकार बंद केले. भर राहिला लांब पल्ल्याच्या धावण्यावर. ह्याच विद्यापीठाच्या हेन्री रोनो ह्या केनियाच्या विद्यार्थ्याने १९७८ मध्ये ८१ दिवसांत चार विश्वविक्रम केले होते. पहिला बर्कलीला, दुसरा सिएटलला, म्हणजे शेजाऱ्यांच्याच मैदानांवर. मी प्रयोगशाळेत असताना आमच्या वर्गातली एक मुलगी भालाफेकीच्या सरावाहून थेट यायची. तळहाताला राळ लागलेली असायची, ती पुसून मग मातीचे नमुने हातात घ्यायची. आज तिच्यासारखीला तिथे जागा नाही.

आणि जे गेले त्यांचं? इथे बसलेल्या एका आईच्या परवानगीने सांगते. त्यांची मुलगी कॅलिफोर्नियातल्या एका विद्यापीठाकडून व्हॉलीबॉल खेळते. पूर्वी तिच्या संघाचा लांबचा प्रवास म्हणजे दोन-अडीच तासांचं विमान. आता पूर्वेला जाताना पाच तास, परत येताना सहा. दुपारी बाराचा सामना म्हणजे तिच्या शरीराला सकाळचे नऊ. गेल्या हंगामात एका रविवारी मध्यरात्री ती परतली आणि सोमवारी सकाळी रसायनशास्त्राची परीक्षा होती. शनिवारी रात्री तिने आईला व्हिडिओ कॉल केला तो हॉटेलच्या कॉरिडॉरमधून. खोलीतली मैत्रीण झोपली होती, म्हणून ही गालिच्यावर वह्या पसरून, आईने दिलेली दशमी खात बसली होती. तिला फुटबॉलच्या पैशातला काही वाटा मिळत नाही. तिच्या वाट्याला आला तो प्रवास. फुटबॉलचा संघ आठवड्याला एक सामना खेळतो, तो कुठेही गेला तरी निभतं. व्हॉलीबॉल, सॉकर, सॉफ्टबॉलच्या मुलींचं काय, हा विचार करणारं त्या बैठकांत कोणी होतं का?

बर्कली आणि यूसीएलए ही तर एकाच राज्य विद्यापीठाची दोन अंगं. एक श्रीमंत घरी गेलं, दुसरं मागे राहिलं. शेवटी विद्यापीठाच्या नियामक मंडळाला सांगावं लागलं की यूसीएलएने बर्कलीला वर्षाला एक कोटी डॉलर द्यावेत. घर मोडल्यावर पोटगी ठरते, तसंच झालं.

वॉशिंग्टन आणि वॉशिंग्टन स्टेट यांचा ॲपल कप हा सामना १९०० पासूनचा. तो थँक्सगिव्हिंगच्या आसपास व्हायचा. १९९२ मध्ये पुलमनला भर बर्फात झाला होता. त्या झेलाची गोष्ट मला पुलमनच्या प्रत्येक घरात ऐकायला मिळाली, चेंडू पकडून खेळाडू थेट बर्फाच्या ढिगात घुसला तो. आता सोयीप्रमाणे तो सप्टेंबरमध्ये होतो. २०२४ चा इथे सिएटलला झाला. अगदी शेवटी, गोलरेषा एका यार्डावर असताना पुलमनने वॉशिंग्टनला अडवलं आणि २४–१९ असं जिंकलं. मी उन्हाची टोपी घालून बसले होते. आनंद झाला, आणि बर्फाचीही फार आठवण आली.

२०२५ च्या ऑगस्टमध्ये मी पुन्हा पुलमनला गेले. हंगामाचा पहिलाच सामना होता, आणि समोर कोण तर आयडाहो. पुलमन १३–१० असं कसंबसं जिंकलं. बाहेर पडताना माझ्यापुढे आयडाहोचा शर्ट घातलेले एक आजोबा नातवाचा हात धरून चालले होते. ते त्याला मॉस्कोच्या वाटेकडे बोट दाखवून सांगत होते, विद्यार्थी असताना मी हरलो होतो आणि तिकडून इथपर्यंत चालत आलो होतो. नातवाने विचारलं, किती वेळ लागला?

"तीन तास," आजोबा म्हणाले. "आणि परत जाताना इथल्याच मुलांनी आम्हाला त्यांच्या गाड्यांतून घरापर्यंत सोडलं."