एक मैल आणि वर 48 यार्ड

मित्रांनो, आज मी अमेरिकन फुटबॉलबद्दल बोलणार आहे आणि त्यातही एकाच माणसाच्या एकाच सीझनबद्दल. एरिक डिकरसन, टीम लॉस एंजेलिस रॅम्स, साल 1983. टेक्ससच्या सीली नावाच्या छोट्या गावातला पोरगा, प्रो लीगमधलं पहिलंच वर्ष, आणि त्या वर्षी त्याने बॉल घेऊन पळत 1,808 यार्ड काढले. एक मैल म्हणजे 1,760 यार्ड, म्हणजे मैलभर आणि वर 48, आणि तेही समोरची माणसं अंगावर येत असताना. रूकीचा, म्हणजे पहिल्या वर्षाच्या खेळाडूचा, हा रेकॉर्ड त्यानंतर कुणालाच मोडता आलेला नाही, इझिकिएल एलियट 2016 मध्ये 1,631 पर्यंत आला आणि तिथेच थांबला, आता तर सीझन 16 ऐवजी 17 सामन्यांचा झालाय तरीही.

डिकरसन रनिंग बॅक होता, म्हणजे बॉल घेऊन पळणारा. हे काम ऐकायला सोपं वाटतं. क्वार्टरबॅक, म्हणजे टीमचा खेळ चालवणारा, बॉल हातात देतो, तो छातीशी घट्ट धरायचा आणि पुढे घुसायचं, चार प्रयत्नांत दहा यार्ड झाले की पुन्हा चार प्रयत्न मिळतात, नाही झाले तर बॉल गेला. कबड्डीतला रेडर एकटाच पलीकडे जातो, इथे मात्र पुढे पाच धिप्पाड लाइनमन वाट काढून देत असतात. रॅम्सकडे जॅकी स्लेटर होता, डेनिस हॅरा होता, केंट हिल होता. गार्ड, म्हणजे या लाइनमनपैकीच एक, आपली जागा सोडून लाइनच्या मागून दुसऱ्या बाजूला धावतो आणि तिथल्या माणसाला ढकलून बाजूला करतो, तेवढ्या वेळात फट उघडते, आणि डिकरसनची खासियत ही की तो त्या फटीची वाट बघायचा, घाई करायचा नाही, आणि फट दिसली की मग संपलं. ताठ उभ्या अंगाने पळायचा, सहा फूट तीन इंच उंची, डोळ्यांवर मोठे गॉगल कारण नजर कमजोर होती, मानेभोवती जाड पट्टा. इतका सहज पळायचा की जोर लावतोय असं वाटायचंच नाही. आजही त्याचे जुने व्हिडिओ लावले ना की मी हातातलं काम सोडून बघत बसतो!

पण लोक त्याच्या वेगाबद्दलच बोलतात आणि मला वाटतं खरी गोष्ट दुसऱ्या एका आकड्यात आहे. 390. इतक्या वेळा त्याच्या हातात बॉल दिला, म्हणजे सामन्याला सरासरी 24 वेळा, आणि शिवाय 51 पास झेलले ते वेगळेच. आणि त्याच वर्षी त्याच्याकडून 13 वेळा बॉल सुटला! असा बॉल सुटणं म्हणजे फंबल, या खेळातलं सगळ्यात मोठं पाप, रनिंग बॅकच्या हातून बॉल सुटायला लागला की कोच सरळ बेंचवर बसवतात, त्यात हा तर नवखा. रॅम्सचे कोच जॉन रॉबिन्सन तेव्हा स्वतःही नवेच होते, यूएससी कॉलेजमधून आलेले, तिथे त्यांनी चार्ल्स व्हाइट आणि मार्कस ॲलन असे दोन रनिंग बॅक घडवले होते, दोघांनाही हाइझमन ट्रॉफी, म्हणजे कॉलेज फुटबॉलमधल्या सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार, मिळाली. त्यांना माहीत होतं की असा खेळाडू पळता पळताच लयीत येतो. त्यांनी बॉल देणं बंद केलं नाही. मला विचाराल तर त्या सीझनमधला सगळ्यात धाडसी निर्णय हाच, कारण टीम काही भक्कम नव्हती, 1982 च्या खेळाडूंच्या संपामुळे छोट्या झालेल्या सीझनमध्ये रॅम्स नऊपैकी फक्त दोन सामने जिंकले होते, आणि डिकरसनसाठी ड्राफ्टमध्ये, म्हणजे टीम पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्यात, ह्यूस्टनच्या टीमशी सौदा करून दुसरा नंबर मिळवला होता, पहिल्या नंबरवर जॉन एलवे गेला.

त्या भरवशाचं फळ काय मिळालं ते बघा. पळत 18 टचडाउन, म्हणजे बॉल घेऊन मैदानाच्या टोकाची रेषा पार करणं, पास झेलून आणखी 2, आणि एक धाव तर 85 यार्डांची, म्हणजे जवळजवळ अख्खं मैदान. टीम 9 विजय आणि 7 पराभवांवर आली, शेवटच्या सामन्यात न्यू ऑर्लिन्सला 26-24 ने हरवून प्लेऑफमध्ये घुसली, तिथे डॅलसला त्यांच्या घरी जाऊन 24-17 ने हरवलं. पुढच्याच आठवड्यात वॉशिंग्टनने मात्र 51-7 असं धुतलं, त्या दिवशी डिकरसनला पळायला जागाच मिळाली नाही.

रॉबिन्सननी पुढच्या वर्षीही त्याच्याच हातात बॉल दिला, आणि 1984 मध्ये त्याने 2,105 यार्ड काढले, अख्ख्या लीगच्या इतिहासातला एका सीझनचा रेकॉर्ड.