आणखी एक घ्या

(दृश्य: पहाट, जुनं नाशिक. बोळातलं स्वयंपाकघर, पेटलेल्या भट्ट्या.)

सरकारी रुग्णालयात रुग्णासोबत आलेल्या माणसांसाठी हे स्वयंपाकघर चालतं. पहाटे पाचला पाण्याला उकळी फुटते आणि पीठ मळायला घेतलं जातं. बाजरीला कढत पाणी लागतं, नाहीतर थापताना भाकरीच्या कडा चिरतात. उंडा परातीत येतो, तळहात फिरत जातो, भाकरी तव्यावर पडते आणि वरून पाण्याचा हात. ते पाणी सुकत आलं की उलटायची, मग थेट जाळावर. ही फुगलेली बघा.

बाजरी इथे लागेल तेवढीच दळतात. पीठ फार दिवस राहिलं की कडवट होतं, आणि कडवट भाकरी आपण घरच्या माणसाला वाढत नाही. एकदम पंधरवड्याचं दळून आणलं तर गिरणीच्या खेपा वाचतील. पण इथे भाकऱ्या थापणाऱ्या बायकांनी ते कधी मनावर घेतलं नाही. त्यांच्या हातच्या या भाकरीची चव आम्हीही घेतली आहे. घरी पाहुणा यावा तशी ती केलेली असते.

(दृश्य: संध्याकाळ, दिंडोरी रोडचं मार्केट यार्ड. मेथी-कोथिंबिरीचे ढीग, लिलावाचा गलका.)

भाजी इथून येते. संध्याकाळी पालेभाज्यांचे लिलाव होतात, रात्री गाड्या मुंबईकडे निघतात. भाव पडला की मेथी टाकून द्यायची वेळ शेतकऱ्यावर येते; तेव्हा या स्वयंपाकघराला जुड्या मिळतातच. आम्ही चित्रीकरण केलं तो दिवस मात्र चढ्या भावाचा होता. तरी बाजूला ठेवलेला हा ढीग बघा. लिलाव सुरू व्हायच्या आधीच तो वेगळा काढलाय. काढणाऱ्याने नाव सांगितलं नाही. आम्ही पुन्हा विचारलं नाही.

(दृश्य: पितळी पातेली, वरणाला फोडणी.)

पातेली भांडी बाजारातली. कल्हई उडाली की आंबट वरण कळकतं, म्हणून कल्हईवाल्याला वेळेवर बोलावणं जातं. चिंच, गूळ, वरून कोथिंबीर, काहीच कमी करायचं नाही असा इथला शिरस्ता. लग्नघरातलं उरलेलं अन्नही इथे घेत नाहीत. जे वाढायचं ते जेवायला येणाऱ्यांसाठी मुद्दाम शिजवलेलं.

(दृश्य: दुपार, रुग्णालयाबाहेरची रांग. कॅमेरा ताटांवर आणि हातांवर.)

सरकारी रुग्णालयात रुग्णाला जेवण मिळतं. सोबत आलेल्याने आपलं आपण बघायचं असतं. पेठहून सावळघाट चढून कुणी येतं, त्याच्याही पलीकडून, सुरगाण्याहून कुणी. जवळचे पैसे परतीच्या तिकिटाला, बाहेरून आणाव्या लागणाऱ्या औषधाला राखून ठेवलेले. मग पहिली काटकसर होते ती स्वतःच्या पोटाची. चहा-बिस्किटावर दिवस निघतो. ही भूक कुठल्याच केसपेपरवर लिहिलेली नसते.

इथे वाढपी काय करतो ते नीट बघा. दोन भाकऱ्या ठेवून तो पुढे सरकत नाही. "हवी का?" असंही विचारत नाही, कारण तसं विचारलं की माणूस संकोचून "नको" म्हणतो. तो भाकरी हातात धरून उभा राहतो. "घ्या मामा, आणखी एक घ्या." आणि मामा घेतात. या सबंध चित्रीकरणात आम्हाला सर्वांत मोठं वाटलं ते हे. पहिली भाकरी बरेच जण देतात. दुसरी-तिसरी अशी आग्रहाने देणारे फार थोडे, आणि पोट भरतं ते तिथे.

रेशनकार्ड, आधार, जात, गाव, काहीही विचारलं जात नाही. आम्हालाही एकच अट होती: जेवणाऱ्याचा चेहरा दाखवायचा नाही. देणाऱ्यांचे फोटोही इथल्या भिंतीवर नाहीत.

(दृश्य: गोदाकाठ, गाडगे महाराज पूल.)

नाशकाला हे नवं नाही. गाडगे महाराजांनी (१८७६–१९५६) पंढरपूर, आळंदी, देहू इथे धर्मशाळा बांधल्या, तशी नाशकातही बांधली. हातात खराटा घेऊन गावोगाव फिरणाऱ्या या माणसाने लोकांकडून मिळालेला पैसा लोकांच्याच निवाऱ्यासाठी लावला. भुकेल्यांना अन्न, तहानलेल्यांना पाणी, उघड्यानागड्यांना वस्त्र: त्यांच्या दशसूत्रीचा, म्हणजे दहा कलमी संदेशाचा, आरंभच असा आहे. देव, तीर्थ यांची नावंही त्याआधी येत नाहीत. आज या पुलाशेजारून आपण रोज जातो.

पोटात अन्न असलं की माणूस रात्री रुग्णाच्या उशाशी जागू शकतो. कुणी बरं होऊन गावी परततं, सगळ्यांच्या वाट्याला ते येतं असं नाही.

(दृश्य: पुन्हा स्वयंपाकघर, कोपऱ्यातली धान्याची पोती.)

आपल्यालाही द्यायचं असेल, तर इथे बाजरी लागते, तूरडाळ लागते, तेल लागतं. सकाळी भाकरी थापणारे हात तर नेहमीच कमी पडतात, पुरुषांचेही चालतील. पेठ-सुरगाण्याच्या माणसांना नागलीची, म्हणजे नाचणीची, भाकरी घरची वाटते, म्हणून नागली आणलीत तर फारच चांगलं. आणि धान्य दळून आणू नका. अख्खं आणा.