महिनाभराचे खेळ आणि मोजकेच साहित्य: बालशिक्षण केंद्राचे नियोजन कसे करावे?

नमस्कार. तीन ते सहा वर्षांच्या मुलांच्या केंद्रात महिन्याच्या खेळांचे नियोजन करायला बसले, की बहुधा एक भरगच्च तक्ता तयार होतो. सोमवारी ठसेकाम, मंगळवारी मातीकाम, बुधवारी पाण्याचे खेळ, आणि पुढच्या सोमवारपासून पुन्हा सगळे नवे. असा तक्ता भिंतीवर शोभतो, पर्यवेक्षकांना आवडतो आणि पालकांनाही दाखवता येतो. मुलांच्या बाजूने पाहिले तर मात्र त्यात एक मोठी अडचण आहे. एखादे साहित्य पहिल्यांदा हाती आले की मूल ते चाचपते, उलटेसुलटे करून पाहते, आपटून पाहते. याचे आपल्याला काय करता येईल, हा प्रश्न त्याला त्यानंतर पडतो. नेमका तो पडण्याच्या सुमारास आपण ते साहित्य कपाटात ठेवलेले असते. म्हणून आज मी ज्या महिन्याची मांडणी करणार आहे, त्यात ठोकळे, पाणी आणि वाळू, आणि भातुकलीचा कोपरा एवढेच मुख्य साहित्य आहे. ते चारही आठवडे मुलांच्या हाताशी राहील आणि दर आठवड्याला त्यात एखादीच गोष्ट बदलेल.

त्याआधी वेळेविषयी. मुक्त खेळासाठी रोज किमान पाऊण तास सलग मिळायला हवा. पंधरा मिनिटांत मुलांचे कोण कोणाबरोबर खेळणार एवढेच ठरते, आणि खेळ रंगात येण्याआधी घंटा वाजते.

आता ठोकळे. लाकडी ठोकळ्यांचा जो संच आज जगभरातील केंद्रांत दिसतो, तो अमेरिकेतील शिक्षिका कॅरोलाइन प्रॅट यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तयार केला. त्यातील मूळ ठोकळ्याची जाडी, रुंदी आणि लांबी यांचे प्रमाण १:२:४ असे असते. त्यामुळे दोन अर्धे ठोकळे जोडले की एक पूर्ण ठोकळा होतो, दोन पूर्ण जोडले की एक दुप्पट लांबीचा होतो, आणि हे मुलाला कोणी सांगावे लागत नाही, कारण भिंतीची एक बाजू आखूड पडली की ते स्वतःच जुळेल तो तुकडा शोधू लागते. अमेरिकेतीलच बालशिक्षणतज्ज्ञ हॅरिएट जॉन्सन यांनी १९३३ मध्ये मुलांच्या बांधकामाचे जे टप्पे नोंदवले, ते आजही कोणत्याही केंद्रात ओळखता येतात. मूल आधी ठोकळे नुसते इकडून तिकडे नेते, मग त्यांच्या रांगा आणि मनोरे करते, मग दोन ठोकळ्यांवर तिसरा आडवा ठेवून पूल करते, चारही बाजू बंद करून आवार तयार करते, त्यानंतर नक्षी आणि समतोल रचना येतात, आणि शेवटी ‘हे आमचे घर’ असे म्हणून नावासकट बांधकाम उभे राहते. हे टप्पे माहीत असले, की मूल अजून मनोऱ्यापाशीच असताना त्याच्याकडून घराची अपेक्षा आपण करत नाही.

महिन्याचा आराखडा या टप्प्यांना धरून करता येतो. ठोकळ्यांच्या कोपऱ्यात पहिल्या आठवड्यात फक्त ठोकळे ठेवा आणि नमुना म्हणून काहीही बांधून दाखवू नका. दुसऱ्या आठवड्यात शेजारी खेळण्यातील प्राण्यांची टोपली ठेवा; प्राणी आले की त्यांना राहायला जागा लागते आणि बंद आवारे आपोआप दिसू लागतात. तिसऱ्या आठवड्यात कागद आणि जाड पेन्सिली द्या. काही मुले आपल्या बांधकामाचे चित्र काढतील, काही ‘पाडू नका’ अशी पाटी लिहायला सांगतील, आणि लिहिलेले इतरांना थांबवू शकते हा लेखनाचा पहिला अनुभव त्यांना तिथे मिळेल. चौथ्या आठवड्यात साहित्यात काहीच भर घालू नका, फक्त आवराआवर करताना बांधकाम मोडायला लावू नका. उद्यापर्यंत टिकणाऱ्या बांधकामाविषयी मुले घरी बोलतात, बेत करून येतात, दुसऱ्या दिवशी तिथूनच पुढे जातात. सफाईची अडचण होईल, हे मान्य आहे. एक कोपरा चटई टाकून राखून ठेवला तरी पुरेसे होते.

पाण्याच्या खेळात प्रौढांना शिकवण्याचा मोह सर्वांत जास्त होतो. स्विस मानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजे यांचा पाण्याच्या पेल्यांचा प्रयोग आपल्यापैकी अनेकांनी अभ्यासलेला असतो: पसरट पेल्यातील पाणी उंच, अरुंद पेल्यात ओतले की लहान मुले पाणी वाढले असे सांगतात. त्यांचे हे उत्तर सात वर्षांच्या आसपास बदलते. चार वर्षांच्या मुलाला ‘अरे, पाणी तेवढेच आहे’ असे सांगून ते लवकर बदलत नाही. त्याला ओतण्याचा, सांडण्याचा, परत भरण्याचा भरपूर अनुभव द्यावा आणि निष्कर्षाची घाई करू नये. पहिल्या आठवड्यात वेगवेगळ्या आकारांची भांडी, पुढे नरसाळी, चाळण्या आणि पारदर्शक नळ्या, तिसऱ्या आठवड्यात तरंगणाऱ्या आणि बुडणाऱ्या वस्तू, ज्यांविषयी आधी अंदाज सांगायचा आणि मग पाहायचे. चौथ्या आठवड्यात पाण्याची बादली वाळूजवळ नेऊन ठेवली, की कोरडी वाळू ढासळते, ओली उभी राहते आणि फार ओली पुन्हा वाहू लागते, हे मुले हातांनीच शोधून काढतात.

इथे सुरक्षेबाबत मात्र कोणतीही सवलत घेऊ नये. लहान मूल काही सेंटिमीटर पाण्यातही बुडू शकते. म्हणून पाण्याजवळ एक प्रौढ व्यक्ती सतत हाताच्या अंतरावर असावी आणि खेळ संपताच टब रिकामे करावेत. केंद्रात तीन वर्षांखालील मुले येत असतील, तर खेळण्यांचे लहान भाग तपासण्याच्या ३.१७ सेंटिमीटर व्यासाच्या नळीत पूर्ण मावणारी कोणतीही वस्तू त्यांच्या आसपास ठेवू नये, कारण ती घशात अडकण्याचा धोका असतो.

भातुकलीच्या कोपऱ्याकडे अनेक केंद्रे विरंगुळा म्हणून पाहतात, आणि मला वाटते इथेच सर्वांत जास्त नुकसान होते. रशियन मानसशास्त्रज्ञ लेव विगोत्स्की यांनी खेळावरच्या १९३३ च्या व्याख्यानात दोन बहिणींचे उदाहरण दिले होते. पाच आणि सात वर्षांच्या या बहिणी ‘आपण बहिणी-बहिणी खेळू’ असे ठरवतात. एरवी त्या बहिणी असतातच, पण खेळात शिरल्यावर बहिणीने कसे वागावे याचा विचार करून त्या वागू लागतात. नियम बाहेरून लादलेला नसूनही तो काटेकोरपणे पाळला जातो. डॉक्टर झालेल्या मुलाला आपली पाळी येईपर्यंत थांबायला सांगावे लागत नाही, कारण रुग्ण झालेली मैत्रीण ‘आधी नाव विचारा’ असे त्यालाच बजावते. या कोपऱ्यात पहिले दोन आठवडे घर राहू द्यावे आणि नंतर मुलांच्या बोलण्यातून जो विषय येईल, मग तो दवाखाना असो वा बसथांबा, त्यानुसार दोन-चार वस्तू बदलाव्यात. प्रत्येक वस्तूची हुबेहूब प्रतिकृती विकत आणण्याची गरज नाही. ठोकळ्याचा फोन करताना मुलाला वस्तू आणि तिचा अर्थ एकमेकांपासून वेगळे करावे लागतात, आणि खराखुरा दिसणारा फोन हे काम त्याच्याकडून काढून घेतो.

गाणी, गोष्टी आणि मैदानावरचा खेळ रोज हवेतच. त्यांचे वेगळे नियोजन मी इथे सांगत नाही. राहता राहिले हस्तकाम. शिक्षिकेने आधीच कापून ठेवलेल्या तुकड्यांपासून वर्गातील प्रत्येक मुलाने एकसारखे कासव चिकटवणे ही शिक्षिकेच्या संयमाची परीक्षा असते, खेळ खचितच नव्हे.

या काळात प्रौढांनी काय करायचे? आधी काही मिनिटे जवळ बसून, न बोलता पाहायचे. नंतर बोलावेसे वाटले तर ‘हा रंग कोणता?’, ‘हे किती आहेत?’ असे परीक्षेचे प्रश्न टाळून जे दिसले ते सांगायचे: ‘वरचा ठोकळा ठेवण्याआधी तू खालचा सरळ केलास.’ असे वाक्य ऐकल्यावर मूल बहुतेक वेळा आपण तसे का केले ते स्वतःहून सांगू लागते.

आणखी एका मुलाकडे लक्ष द्यायला हवे, जे कुठेच खेळत नाही असे वाटते. अमेरिकेतील संशोधक मिल्ड्रेड पार्टेन यांनी १९३२ मध्ये मुलांच्या सहभागाचे जे प्रकार सांगितले, त्यांत एकट्याने खेळणे, शेजारी बसून पण आपापले खेळणे, मिसळून खेळणे आणि मिळून एक बेत पार पाडणे यांच्याबरोबरच नुसते पाहत राहणे हाही एक प्रकार होता. जवळ उभे राहून दोन दिवस पाहणारे मूल खेळाचे नियम गोळा करत असते. त्याला हाताला धरून आत ढकलण्यापेक्षा त्याच्याजवळ तसेच साहित्य ठेवून द्यावे. तीन आठवड्यांनंतरही ते तिथेच उभे असेल, कोणाशीच बोलत नसेल, तर मात्र पालकांशी बोलायला हवे, आणि त्या वेळी हातात तारखेसह लिहिलेल्या नोंदी असाव्यात.

याच नोंदी पालकांच्या ‘आज काय शिकवले?’ या प्रश्नालाही उपयोगी पडतात. हा प्रश्न रास्त आहे आणि ‘आज मुले खेळली’ हे त्याचे उत्तर पालकांना अपुरे वाटणारच. महिनाअखेरीस एकाच मुलाच्या बांधकामाची पहिल्या आणि चौथ्या आठवड्यातील छायाचित्रे शेजारी-शेजारी लावा आणि खाली दोन वाक्ये लिहा: पहिल्या आठवड्यात सहा ठोकळ्यांचा मनोरा, आता दारे असलेले आवार, आणि त्याच्या दोन्ही बाजू समान करण्यासाठी तिने अर्धे ठोकळे शोधून आणले. छायाचित्रे लावण्यापूर्वी पालकांची परवानगी घ्यायला विसरू नका.