शून्य कुठं धरायचं? मळीच्या टाकीवर रडार बसवताना

(मे महिना, सकाळचे सात. टाकीच्या जिन्यावरून वर चढणारे पाय, मागं उसाची हिरवी रानं.)

कोल्हापूरच्या माणसाला पातळी म्हणजे काय हे शिकवायला लागत नाही. जुलै उजाडला की चहाच्या आधी प्रश्न, राजाराम बंधारा किती फूट? ३९ म्हणजे इशारा, ४३ म्हणजे धोका, आणि २०१९ ला पंचगंगा ५५ च्या वर गेली तेव्हा आख्खं शहर त्या एका आकड्यावर रात्र रात्र जागं होतं. पण तो आकडा आपण डोळे झाकून धरतो ते कशामुळं, तर तिथं शून्य कुठं आहे हे ठरलेलं आहे, त्यावर कुणी भांडत नाही. टाकीवर मीटर बसवताना मात्र लोक तेच विसरतात आणि मग सगळं खापर मीटरवर.

तर आज आपण आहोत जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्यात. नाव सांगत नाही, कारण पुढं थोड्या भानगडी पण सांगायच्या आहेत. ही टाकी मळीची, हिच्यावर पातळी मोजायचं रडार बसवायचंय. आतून २० मीटर व्यास, १० मीटर उंची, वर उतरतं पत्र्याचं छप्पर. रस उकळून साखर काढून घेतली की जे काळं दाट राहतं ती मळी, पाण्यापेक्षा जवळजवळ दीडपट जड, आणि डिस्टिलरीला हीच लागते. हिचा हिशोब राज्य उत्पादन शुल्क खात्याला द्यावा लागतो, त्यामुळं इथं अंदाजपंचे चालत नाही.

आता एक गणित करू, तोंडी होण्यासारखं आहे. २० मीटर व्यासाच्या टाकीत पातळी १ मिलिमीटर हलली म्हणजे ३१४ लिटर. मळीचं वजन लिटरला १.४ किलो धरलं तर झाले ४४० किलो. एका मिलिमीटरला! आणि एक सेंटिमीटर चुकला की साडेचार टन इकडचे तिकडं. म्हणून वर चढलेला माणूस टेप सोडताना श्वास रोखून धरतो बघा.

(डिप घेणारे काका. खिशात चिंधी, हातात टेप, टेपच्या टोकाला पितळी वजन.)

हे काका, पंधरा वर्षं डिप घेतात, म्हणजे वरच्या भोकातून टेप तळापर्यंत सोडून मळी किती हे मोजतात. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा, पावसात पण. मी विचारलं, काका आता रडार येणार, मग तुम्ही काय करणार? म्हणाले, "येऊ दे की. ते काय म्हणतंय ते मी बघणार."

याच्या आधी इथं अल्ट्रासॉनिक होतं, म्हणजे आवाजावर चालणारं. ते वाईट नसतं, मी स्वतः दहा वर्षं इन्स्ट्रुमेंटमध्ये काढलीत आणि पाण्याच्या टाकीवर ढिगानं बसवलीत. पण आवाजाचा वेग हवेच्या तापमानावर हलतो, अंशामागं सेकंदाला ०.६ मीटर. मीटरमध्ये त्याची दुरुस्ती करायला तापमानाचा सेन्सर असतो खरा, पण तो बसलाय छपराच्या तापलेल्या पत्र्याला चिकटून आणि खाली आतली हवा गार. वीस अंशांचा फरक पडला तर आठ मीटरवर पाव मीटरच्या पुढं चूक जाते. दुपारी मळी कमी, रात्री जास्त, आणि शिफ्टवाल्याला वाटायचं कोणीतरी चोरतंय.

रडारला हवेच्या तापमानाचं फारसं काही पडलेलं नसतं. ते रेडिओ लहर सोडतं, प्रकाशाच्या वेगानं. इथून मळीपर्यंत १० मीटर आणि परत १० मीटर, एवढ्याला वेळ लागतो ६७ नॅनोसेकंद, म्हणजे सेकंदाचा दीड कोटीवा भाग. एवढा वेळ थेट मोजत बसणं अवघड, म्हणून आजकालचं बरंचसं रडार वेगळी युक्ती करतं. सोडताना लहरीची फ्रिक्वेन्सी सतत चढवत नेतं. परत आलेली लहर जुनी, तेवढ्यात सोडलेली नवी लहर वरच्या सुरात गेलेली, मग दोघींच्या सुरातला फरक जितका मोठा तितकं अंतर जास्त. किर्तनात मागचा टाळकरी थोडा उशिरा आला की कळतं ना, तसंच.

आणि एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा, पुढचं सगळं त्यावर आहे. रडारला मळी किती आहे हे कळतच नाही. त्याला कळते वरची रिकामी जागा. टाकीची एकूण उंची तुम्ही सांगायची, त्यातून ते रिकामी जागा वजा करतं आणि उत्तर देतं. तुम्ही चुकीचं सांगितलं तर ते इमानदारीत चुकीचं उत्तर देत राहणार, रोज, मिलिमीटरमध्ये.

(टाकीचं छप्पर. खडूनं मारलेली फुली.)

भोक कुठं पाडायचं यावर इथं अर्धा दिवस गेला. आधीचं मीटर छपराच्या मध्याला लागूनच होतं, दिसायला छान. पण मधोमध आतून खांब आहे, आणि घुमटी छपराची टाकी असेल तर मध्यावर लहरी छपरावरून खाली, खालून वर अशा एकवटतात आणि खोटे प्रतिध्वनी तयार होतात. फार कडेला पण नको, भिंत आणि शिडी मध्ये येते. साधारण व्यासाच्या सहाव्या भागाइतकं भिंतीपासून आत, म्हणजे इथं सव्वातीन मीटर. मळी जिथून पडते त्या पाइपच्या विरुद्ध बाजूला. आणि छपराखालचे अँगल बघून, दोन अँगलच्या मध्ये. ८० गिगाहर्ट्झच्या रडारचा झोत अरुंद असतो, चार अंशांचा धरला तरी दहा मीटर खाली जेमतेम पाऊण मीटर पसरतो. जुन्या २६ गिगाहर्ट्झचा त्याच मापाच्या अँटेनातून दहा अंश, म्हणजे पावणेदोन मीटर. जागा मिळणं सोपं झालं ते त्यामुळं.

टाकी रिकामी करून गरम पाण्यानं धुतली, तरी लगेच कोणी आत उतरलं नाही. आंबलेल्या मळीतून कार्बन डायऑक्साइड निघतो, हवेपेक्षा जड, तळाला बसून राहतो आणि त्याला वास नाही. ऑक्सिजनचा मीटर आत सोडला, १९.५ टक्क्यांच्या खाली असेल तर मॅनहोलपाशी पण डोकं न्यायचं नाही. ब्लोअर लावला, परमिटवर सह्या झाल्या, मग काम. यात घाई केलेली माणसं परत आलेली नाहीत अशा बातम्या आपण सगळ्यांनी वाचल्यात, जास्त बोलत नाही.

वेल्डरदादांनी चार इंची नोझल बसवलं, म्हणजे छपरातून वर येणारा आखूड पाइप, त्याच्या तोंडाला फ्लँज, म्हणजे बोल्टची भोकं असलेली चकती, आणि तिच्यावर रडार. छप्पर उतरतं आहे म्हणून नोझल पण उतरतं बसवायचं नाही, पाणसळ लावून फ्लँज सपाट पाहिजे, नाहीतर झोत तिरका जाणार. नोझल जितकं आखूड तितकं बरं. आणि आतल्या कडेला वेल्डिंगचे जे गोळे राहतात ना, ते ग्राइंडर मारून गुळगुळीत करायचे. दादा म्हणाले, "आतनं कोण बघतंय?" रडार बघतंय की दादा! पहिला प्रतिध्वनी त्या गोळ्यावरूनच येतो.

मग गॅस्केट, आठ बोल्ट, समोरासमोरचे फुलीनं आवळायचे. केबलचं तोंड खालच्या बाजूला, आत शिरायच्या आधी केबलला एक खालचा वळसा, म्हणजे पावसाचं पाणी तिथनंच गळून जातं. मिरगाच्या आत हे झालं नाही तर कोल्हापूरचा पाऊस तुम्हाला शिकवतोच. वळवाच्या विजा वेगळ्या, म्हणून तारेतून येणारा झटका अडवायला सर्ज प्रोटेक्टर. तारेतून सिग्नल येतो ४ ते २० मिलिअँपिअर. रिकाम्याला शून्य न धरता ४ का? तार तुटली की शून्य येईल आणि तुम्हाला वाटेल टाकी रिकामी आहे. ४ वर रिकामी, म्हणजे शून्य आलं की समजायचं तार गेली.

(रिकाम्या टाकीचा तळ. बॅटरीचा उजेड.)

आता खरी भानगड. फ्लँजपासून तळापर्यंत टेप सोडला, १०.४२० मीटर. इंजिनिअर साहेब तो आकडा मीटरमध्ये घालणार इतक्यात काका म्हणाले, "साहेब, माझं डिपचं भोक जिन्यापाशी आहे. तिथला तळ आणि हितला तळ एकच हाय कशावरनं?" सगळे गप्प. टाकीचा पाया बसतो, पत्रा वाकतो, हे सगळ्यांना माहीत असतं पण मोजत कोणी नाही. गवंडी वापरतात ती पाण्याची लेव्हल पाइप आणली, दोन टोकं दोन जागी धरली. फरक १२ मिलिमीटर. काकांची बाजू खोल. म्हणजे पाच टनांच्या वर फरक, आणि दोघंही खरे!

मग ठरलं, काकांच्या भोकाखालची डिप प्लेट, म्हणजे टेपचं वजन जिथं टेकतं तो पत्रा, हेच शून्य, कारण आजपर्यंतची सगळी रजिस्टरं तिथनंच लिहिलीत. मीटरला सांगितलं १०.४३२.

राहिलं मॅपिंग. शिडी, अँगल यांच्यावरून येणारे खोटे प्रतिध्वनी रडारला आधी दाखवून द्यायचे की यांच्याकडं दुर्लक्ष कर. हे टाकी रिकामी असतानाच करावं. दुसऱ्या एका ठिकाणी मी बघितलंय, चार मीटर मळी भरलेली असताना पूर्ण उंचीचं मॅपिंग मारलेलं. रडारनं मळीलाच खोटं धरलं, आणि त्यानंतर पातळी चार मीटरपाशी आली की मीटर आंधळं व्हायचं. दोन वेळा मीटर बदलायला निघालेले.

फेसाचं पण सांगतो, कारण विकणारे सांगत नाहीत. मळी गरम पडली की फसफसते, वर जाड फेस येतो, आणि दाट फेसापुढं ८० गिगाहर्ट्झ कधीकधी हात टेकतं. लहर फेसात मुरते. जुनं कमी फ्रिक्वेन्सीचं रडार अशा वेळी बरं पडतं. इथं मळी थंड करून घेतात म्हणून चाललं.

(नोव्हेंबर. धुराडं पेटलेलं, उसाच्या ट्रॅक्टरची रांग रस्त्यापर्यंत.)

मोळी पडली, गळीत सुरू झालं. पाच हजार टन उसाला दिवसाला दोनशे टनांच्या आसपास मळी, म्हणजे टाकीत रोज पंचेचाळीस सेंटिमीटर. चौथ्या दिवशी सकाळी काका वर चढले, खाली कंट्रोल रूममध्ये स्क्रीनवर १.३४१.

फोनवरून काकांचा आवाज, "एक मीटर तीनशे चव्वेचाळीस."

ऑपरेटर म्हणाला, "तीन मिलिमीटर जास्त आलं काका."

"थांब." टेप पुसल्याचा आवाज येत नाही फोनवर, पण काका चिंधी काढत असणार हे सगळ्यांना दिसलं. दुसऱ्यांदा सोडला. "बेचाळीस. आधीचा टेप ओला हुता."

रजिस्टरमध्ये दोन कॉलम आखले होते, एक डिप, एक रडार. काकांनी खाली येऊन दोन्ही आकडे लिहिले, सही केली आणि चहा सांगितला.