फी बाबांनी भरली, मग आतलं बोलणं कोणाचं?

नमस्कार मंडळी.

नाशिकला गंगापूर रोडवरच्या माझ्या छोट्याशा समुपदेशनाच्या क्लिनिकचा फोन वाजला की पहिला प्रश्न ठरलेला असतो. ‘मॅडम, फी किती?’ दुसरा जरा आवाज खाली करून येतो. ‘कुणाला कळणार नाही ना?’ तिसरा प्रश्न सहसा कुणी विचारतच नाही, तो म्हणजे मी सही करतोय ती नेमकी कशावर? या तिन्हींबद्दल आज एकत्रच बोलूया, कारण भांडणं होतात ती यांच्या सांध्यावर. पैसे एकाचे, बोलणं दुसऱ्याचं आणि सही तिसऱ्याची.

आजची सगळी उदाहरणं मी रचलेली आहेत हं. गोपनीयतेवरच्या व्हिडिओत खऱ्या क्लायंटचे किस्से सांगायचे म्हणजे कमालच झाली!

समजा, इंदिरानगरहून एक आई अकरावीतल्या मुलाला घेऊन आली. क्लास चुकवतोय, झोप नाही, जेवणावरून रोज वाद. सेशन संपतं, मुलगा खाली गाडीपाशी जातो. आई मागे थांबते, पर्समधून पैसे काढता काढता विचारते, ‘काय म्हणाला?’

तिचं काही चुकत नाही. काळजी तिची, पैसे तिचे, रात्री दोनला त्याच्या खोलीचा दिवा चालू आहे का हे बघणारीही तीच. अठरा वर्षांखालच्या मुलाच्या उपचाराला संमतीही पालकांचीच लागते. पण तिने फी भरली ती माझ्या वेळाची आणि कामाची. मुलगा आत जे बोलला ते त्या पावतीत येत नाही. ते तिला सांगून टाकलं, तर पुढच्या वेळी तो खुर्चीत बसून ‘हो’, ‘नाही’, ‘माहीत नाही’ एवढंच म्हणेल, आणि आईचे पैसे खरोखरच वाया जातील.

म्हणून हे पहिल्याच दिवशी दोघांना समोरासमोर बसवून ठरवायचं. मी आईला काय सांगेन? तो नियमित येतोय का, एकूण कसं चाललंय, घरात काय बदललं तर बरं. काय नाही सांगणार? वर्गातली कोण आवडते, बाबांबद्दल काय म्हणाला, मित्राबरोबर एकदा सिगारेट ओढली ते. जिवाला धोका दिसला तर त्याच दिवशी सांगणार, आणि आईला सांगण्याआधी ‘हे मी आता आईला सांगणार आहे’ असं त्यालाही सांगणार. हे आईला मान्य नसेल तर मी काम सुरूच करत नाही. नंतर गेटवर उभं राहून वाद घालण्यापेक्षा ते बरं.

मुलांच्या बाबतीत एक गोष्ट मात्र त्यांनी तोंड उघडण्याआधी सांगावी लागते. पॉक्सो, २०१२ चा कायदा. त्याचं कलम १९ म्हणतं की अठरा वर्षांखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं किंवा होण्याची शक्यता असल्याचं ज्याला कळलं, त्याने पोलिसांना कळवायचं. यात समुपदेशकाला सूट नाही. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. आणि सतरा वर्षांच्या मुलीने ‘ताई, हे माझ्या मर्जीने आहे’ असं सांगितलं तरी कायदा तिची मर्जी धरत नाही. या तरतुदीमुळे काही मुली मदत मागायलाच येणार नाहीत, ही भीती मलाही वाटते. पण तिला अंधारात ठेवून बोलतं करायचं आणि मग पोलिसांना फोन लावायचा, हा सरळ सरळ विश्वासघात झाला. त्यापेक्षा आधी सांगावं. काय बोलायचं ते तिचं तिने ठरवावं.

आता मोठ्यांकडे येऊ. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ साली झाला. त्याचं कलम २३ गोपनीयतेचं आहे. उपचार घेणाऱ्याची माहिती गुप्त ठेवणं हे उपचार करणाऱ्याचं कर्तव्य आहे, आणि ते कुठे सैल होतं तेही त्यातच लिहिलंय. उदाहरणार्थ, जिवाला धोका असेल, दुसऱ्या कुणाला इजा होण्याची शक्यता असेल, उपचार करणाऱ्या दुसऱ्या डॉक्टरला माहिती हवी असेल, किंवा न्यायालयाचा आदेश असेल. ‘नवऱ्याने विचारलं’, ‘सासरे ओळखीचे आहेत’ हे त्या यादीत नाही.

जिवाच्या धोक्याचं जरा सविस्तर सांगते, कारण इथेच सगळ्यात जास्त गैरसमज आहेत. समजा, निफाडकडचे एक द्राक्ष बागायतदार आलेत. अवकाळीने माल गेला, सोसायटीचं कर्ज डोक्यावर, व्यापाऱ्याने मागच्या हंगामाचे पैसे अडकवलेत. बोलता बोलता म्हणतात, ‘कधी कधी वाटतं, संपवून टाकावं.’ लोकांना वाटतं, एवढं वाक्य निघालं की मॅडम घरी फोन लावणार, नाहीतर पोलिसांना. तसं होत नाही. असा विचार मनात येणारी माणसं खूप असतात, आणि तो कुणापाशी तरी बोलता यावा म्हणूनच तर ही खोली आहे. मी पुढे विचारते. कधी वाटतं? कसं करायचं ठरवलंय का? फवारणीचं औषध कुठे ठेवता? शेडची किल्ली कोणाकडे असते?

किल्ली त्यांच्याच खिशात आहे, आणि आजच्या रात्रीबद्दल ते नजर चुकवतायत, असं दिसलं की मात्र मी थांबत नाही. शक्यतो त्यांच्यासमोरच, त्यांनाच फोन लावायला सांगून, घरच्यांशी बोलते. काय बोलते? ‘औषधाच्या बाटल्या आजच शेजारी हलवा. किल्ली तुमच्याकडे ठेवा. रात्री त्यांना एकटं सोडू नका. उद्या सकाळी मानसोपचारतज्ज्ञांकडे जायचंय.’ बस. व्यापाऱ्याने किती अडकवले, भावाशी बांधावरून काय झालं, यातलं अक्षरही त्या फोनमध्ये येत नाही. कायदाही तेच म्हणतो, धोका टाळायला लागेल तेवढीच माहिती द्यायची. आणि पोलिसांची धास्ती असेल तर याच २०१७ च्या कायद्याचं कलम ११५ ऐका. आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असं हा कायदा गृहीत धरतो. तशा माणसावर खटला चालवायचा नाही, त्याला उपचार द्यायचे, ही जबाबदारी सरकारची.

कोर्टाचं मात्र स्पष्टच सांगते. वकिलाला सांगितलेलं आपल्याकडे पुराव्याच्या कायद्याने जपलं जातं. मानसशास्त्रज्ञाला तसं कवच नाही, १८७२ च्या कायद्यात नव्हतं आणि २०२३ च्या नव्या कायद्यातही नाही. म्हणजे घटस्फोटाच्या केसमध्ये न्यायालयाने बोलावलं तर मला जावं लागतं. पण समोरच्या वकिलाचं पत्र म्हणजे न्यायालयाचा आदेश नव्हे. ‘अमुक मॅडमकडे येत होत्या का, नोट्स पाठवा’ अशा पत्राला उत्तर देताना त्या व्यक्ती माझ्याकडे येत होत्या की नाही, हेसुद्धा मी सांगत नाही. आदेश आलाच तर आधी क्लायंटला कळवायचं, आणि न्यायालयाला विनंती करायची की लागेल तेवढंच मागा, बंद पाकिटात घ्या.

नवरा-बायको एकत्र येतात तेव्हा वेगळीच गंमत. आठवडाभरात दोघांपैकी एकाचा मेसेज येतो, ‘मॅडम, हे त्याला सांगू नका, पण...’ हा ‘पण’ वाचण्याआधीच मला ठरवलेलं असावं लागतं. माझा नियम असा की जोडप्याच्या कामात एकाचं गुपित मी दुसऱ्यापासून जपत बसणार नाही. काही सहकारी वेगळा नियम पाळतात, तोही चालतो. नियम आधी सांगितलेला हवा, एवढंच.

आणि अंबड-सातपूरच्या कंपन्या. कंपनी फी भरते तेव्हा एचआरला काय जातं? महिन्याला किती सेशन झाली तो आकडा आणि बिल, नावं नाहीत. पण चाळीस माणसांच्या युनिटमध्ये ‘या महिन्यात एक’ एवढं कळलं तरी गेल्या सोमवारी अर्धा दिवस रजा कोणी टाकली हे सगळ्यांना पाठ असतं. अशा ठिकाणी बिल तिमाहीचं करा, असं मी कंपनीला सुचवते.

नाशिक एका बाजूला मेट्रो व्हायला निघालंय, पण ओळखीपाळखीच्या बाबतीत अजून गावच आहे. कालिकेच्या यात्रेत तुम्ही कुटुंबासह समोर आलात, तर मी आपण होऊन ओळख दाखवणार नाही. राग मानू नका. तुम्ही हसलात तर मीही हसेन. ‘ह्या कोण?’ असं सासूबाईंनी विचारलं तर काय सांगायचं ते तुम्ही ठरवा. दोन अपॉइंटमेंटच्या मध्ये मी मोकळा वेळ ठेवते तोही यासाठीच, एकाच सोसायटीतली दोन माणसं माझ्या दारात एकमेकांना भेटू नयेत.

आता एक बारीकशी गोष्ट, जी फॉर्मवर कुणी छापत नाही. यूपीआय. क्यूआर स्कॅन केला की क्लिनिकचं नाव येतं, आणि तेच खात्याच्या स्टेटमेंटवर जातं. खातं नवऱ्यासोबत जॉइंट असेल, किंवा बँकेचा एसएमएस बाबांच्या मोबाइलवर जात असेल, तर मी तोंड कितीही बंद ठेवलं तरी उपयोग काय? त्यात लोक पेमेंटखाली ‘काउन्सेलिंग सेशन ३’ असंही लिहितात! तर आधी विचारा, क्यूआरवर नाव कुठलं येतं? रोख चालेल का? अपॉइंटमेंटची आठवण मेसेजने येते का, आणि त्यात काय लिहिलेलं असतं? ऑनलाइन सेशन असेल तर हेडफोन लावा. बंद दाराआडचा आवाज हॉलमध्ये किती ऐकू जातो ते घरात राहणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे.

हा बघा माझा फॉर्म. [कागद कॅमेऱ्याजवळ धरून] एकच पान, मराठीत. वर सेशन किती वेळाचं. मग गुप्तता कुठे संपते ते, ठळक अक्षरात. मग हे वाक्य: ‘गरज पडल्यास मी नाव-गाव न सांगता माझ्या वरिष्ठांचा सल्ला घेते.’ यावर बरेच जण थबकतात, आणि थबकावंच. त्याखाली, संमती केव्हाही मागे घेता येते. रेकॉर्डिंग दोन्ही बाजूंनी विचारल्याशिवाय नाही. सही सगळ्यात शेवटी. रिसेप्शनवर उभ्या उभ्या, पेन पुढे करत ‘इथे, इथे आणि इथे’ करून घेतलेली सही मला संमती वाटत नाही. फॉर्म घरी न्या, वाचा, पुढच्या वेळी सही करा.

आणि त्याच कागदावर फी. फी बोलायला आपल्याला लाज वाटते, देणाऱ्याला आणि घेणाऱ्यालाही. आकडा आधी विचारा, बिनधास्त. समजा सेशनचे १२०० रुपये सांगितले, तर पुढे विचारा, किती मिनिटांचे? पहिल्या भेटीचे वेगळे का? चाचण्या करायच्या ठरल्या तर त्यांचे आणि रिपोर्टचे किती? आयत्या वेळी येणं रद्द झालं तर? माझ्याकडे २४ तास आधी कळवलं तर काही नाही, नंतर अर्धी फी. पण सिटीलिंकची बस बंद पडली, मूल आजारी पडलं, अशा वेळी मी घेत नाही. तो वेळ तुमच्यासाठी राखून ठेवलेला असतो, म्हणून नियम आहे.

दहा सेशनचं पॅकेज, आजच भरलं तर सवलत, असं कुणी म्हणालं तर माझ्या मते सावध व्हा. किती सेशन लागतील हे पहिल्या भेटीत कुणालाच कळत नसतं, आणि पैसे अडकलेला माणूस पटत नसलं तरी येत राहतो. संमती मागे घेण्याचा हक्क मग कागदावरच उरतो. उरलेल्या सेशनचे पैसे परत मिळतील का, हे लेखी घ्या. आणि पाठवणाऱ्याला कमिशन, म्हणजे आपण ज्याला ‘कट’ म्हणतो, तो असेल तर तिथून उठलेलं बरं.

शिक्षणही विचारा, त्यात उद्धटपणा काही नाही. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवणाऱ्याची भारतीय पुनर्वास परिषदेकडे, म्हणजे आरसीआयकडे नोंदणी लागते, आणि तो नोंदणी क्रमांक मागता येतो. ‘काउन्सेलर’ ही पाटी मात्र दोन वर्षं एमए केलेलाही लावतो आणि शनिवार-रविवारचा कोर्स केलेलाही. आणि औषध लिहून देतो तो मानसोपचारतज्ज्ञ, तो डॉक्टर असतो. मी औषध लिहून देऊ शकत नाही, मेडिकलवाला ओळखीचा असला तरी.

फी परवडत नसेल तर तसं स्पष्ट बोला. बरेच जण काही जागा कमी फीच्या ठेवतात, विचारल्याशिवाय सांगत नाहीत इतकंच. सिव्हिल हॉस्पिटलचा मानसोपचार विभाग आहे. आणि टेलिमानस, ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असलेली सरकारची फोनसेवा, क्रमांक १४४१६. पैसे लागत नाहीत, रात्री-अपरात्रीही चालू असते आणि मराठीत बोलता येतं. ज्यांच्या खिशात आज शेडची किल्ली आहे त्यांनी अपॉइंटमेंटची वाट बघू नका, आत्ताच लावा.

फॉर्मचा नमुना हवा असेल तर खाली लिंक दिली आहे. तुम्ही स्वतः प्रॅक्टिस करत असाल तर जसाच्या तसा उचलू नका, तुमचे नियम घाला. आणि प्रश्न विचारताना तुमची स्वतःची गोष्ट कृपा करून कमेंटमध्ये लिहू नका, तिथे मी कुणाचंच गुपित जपू शकत नाही.